अप्पांच्या खांद्यावरचा हात

जमलेल्या माझ्या माणसांनो,

सातपूरच्या या हॉलमध्ये मी आजवर फ्लेक्स लावायला आलोय. वाढदिवसाचे, बारशाचे, निवडणुकीचे. माइकसमोर कधी उभा राहिलो नाही. मी राजू फ्लेक्सवाला. दिनकर भामरेच्या फोटो स्टुडिओला लागून माझं दुकान. मधली भिंत इतकी पातळ, की तो तिकडे शिंकला तर मी इकडून ‘शतायुषी हो’ म्हणायचो. नाही झाला. आज त्याच्याच शोकसभेत बोलायला उभा राहिलोय. सांभाळून घ्या.

तुम्ही म्हणाल, दिनकर फोटोग्राफर होता. होता. पण त्याचं नाव झालं ते पुसण्यात. जयंती आली की मंडळाची पोरं त्याच्या दारात. “दिनूभाऊ, पुतळा तेवढा ठेवा, मागचं सगळं उडवा.” मागे काय असायचं? विजेच्या तारा, डीपीचा डबा, क्लासची जाहिरात, वडापावची गाडी, नाहीतर डोक्यावर बसलेलं कबुतर. दिनकर एकेक उडवायचा आणि मागे निळंशार आभाळ भरायचा. मी चिडवायचो, “दिनू, नाशकात एवढं निळं आभाळ मी जन्मात पाहिलं नाही. कुठून आणतोस रे?” तो मान वर न करता म्हणायचा, “सटाण्याहून.” त्याचं गाव ते.

आपल्या चौकातले अप्पा, कामगारांचे पुढारी, सगळ्यांना माहीत आहेत. कामगारांनी वर्गणी काढून बसवलेला अर्धपुतळा. आणि निवृत्तीभाऊ? आठवतात ना? अंबडच्या एका कंपनीत प्रेसवर होते. उजव्या हाताचं एक बोट मशीनखाली अर्धं गेलेलं. दर जयंतीला सकाळी सकाळी तेच पुतळा धुवायचे. मागून शिडी लावून चढायचे, हार घालायचे, आणि पोरांनी हाराची तार आवळेपर्यंत तो धरून मागेच उभे राहायचे. समोरून फोटो काढला, की अप्पांच्या डोक्याआड त्यांचं डोकं. दिसायचे ते फक्त हात.

त्या वर्षी दिनकरने फोटो जरा बाजूने काढला. ऊन छान पडलं होतं. त्यात निवृत्तीभाऊ पूर्ण आले. अप्पांच्या खांद्यावरून वाकून बघत होते, हसत होते. दिनकरने मला दाखवला. म्हणाला, “बघ, शेजारच्या गॅलरीतून डोकावल्यासारखा दिसतोय.” दोघं हसलो. आणि मग त्याने ते पुसले. शिडी पुसली. डोकं पुसलं. हसू पुसलं. एक हात तेवढा राहिला.

झेंडूच्या हारात मिसळून गेला होता तो हात. दिनकरला दिसला नाही, मंडळाला दिसला नाही. छापणारा मी, मलाही दिसला नाही. संध्याकाळपर्यंत चौकात भला मोठा फ्लेक्स लागला. अप्पा, निळं आभाळ, आणि अप्पांच्या खांद्यावर कुणाचीच नसलेली बोटं, त्यातलं एक अर्धं.

त्याच आठवड्यात निवृत्तीभाऊ कामावरून येताना रस्त्यातच वारले. सुमनताई, त्यांच्या मंडळी, आज इथेच बसल्यात. ताई, बोलू ना? तुमचंच आहे.

दहाव्याला ठेवायला फोटो हवा होता. लग्नातला होता, पण त्यातला पोरगा त्यांच्याच लेकींना ओळखू येईना. आधार कार्डावरचा मोठा करून दिला, तर ताई म्हणाल्या, “हे आमचे मालक नाहीत. हा सरकारचा माणूस आहे.” फोन बटणांचा, त्यात काही नाही. आणि अशात ताई चौकातून जाताना फ्लेक्सखाली थांबल्या. तिथून थेट दिनकरच्या दुकानात. मी भिंतीपलीकडून ऐकलं. अजून ऐकू येतं.

“दादा, तो हात आमच्या मालकांचा आहे. बाकीचे कुठं गेले?”

बाकीचे कुठं गेले! दिनकरला एक खोड होती. मूळ फोटोवरच काम करायचा आणि त्यावरच सेव्ह करायचा. मी बोललो, तर म्हणायचा, “पुतळा काय पळून जातो का? पुढच्या वर्षी परत काढू.” पुतळा नाही हो पळून जात. कॅमेऱ्याच्या कार्डात तोवर दुसऱ्याचं लग्न भरलेलं. मग घरोघर जाऊन लोकांचे मोबाइल पाहिले त्याने. सगळ्यांनी समोरून काढलेले. सगळ्यांत अप्पा, आणि मागून आलेले दोन हात. शेवटी जुने फोटो जोडून त्याने स्वतः एक चेहरा तयार केला. ताईंनी तो उजेडाला धरून पाहिला. म्हणाल्या, “छान झालाय. पण हे कोण?”

दहाव्याला ताईंनी तो हातच फ्रेम करून ठेवला. हाताला हार घातला. मी तिथे होतो. कुणाला रडूही येईना.

त्यानंतर दिनकर बदलला. तारा उडवायचा, खांब उडवायचा, पण माणूस पुसायचा नाही. आपण उठून पुतळ्यापाशी जायचा, हात जोडून म्हणायचा, “दादा, घडीभर बाजूला होता का?” माणूस हटला तर फोटो, नाहीतर नाही. पोरं वैतागली. फोनवर बोट फिरवलं की माणसं गायब होतात आता, दिनकर कुणाला हवा? गिऱ्हाईक तुटलं. तो एकटाच अप्पांचा तो फोटो उघडून निळ्या आभाळाकडे बघत बसायचा. एकदा मला हाताला धरून नेलं. सटाण्याची बोली तोंडात आली, की समजायचं, गडी आतून हलला. म्हणाला, “राजू भो, मी पुसस, तरी तो जास नही. तो आजून तठेच उभा शे.” पुसूनही निवृत्तीभाऊ आभाळात तिथंच उभे, म्हणे. मला काही दिसलं नाही. डोळे तपासायला नेलं मी त्याला. चष्मा लागला. निवृत्तीभाऊ गेले नाहीत.

गेल्या सोमवारी दिनकर खुर्चीतच गेला. समोर तोच फोटो. कॉम्प्युटर बंद करायला वहिनींनी मला बोलावलं. मी बसलो, आभाळाकडे पाहिलं. तुम्ही हसाल, हसा. मला दिसला माणूस. वाकून बघत होता. कॉम्प्युटर तसाच चालू ठेवून मी उठलो.

आता मौनाला उभे राहू. मौन सुटलं, की लगेच चपला शोधू नका. मोबाइल काढा. त्या जयंतीच्या सकाळी पुतळ्याच्या मागे, डीपीच्या बाजूला, बसची वाट बघत कुणीतरी उभं असेल. आपल्या लेकराचा फोटो काढला असेल, कशाचाही काढला असेल. त्याच्या कोपऱ्यात निवृत्तीभाऊ आहेत का बघा. धूसर असू दे, अर्धा असू दे. सापडला तर मला आणून देऊ नका. सुमनताई त्या खिडकीपाशी बसल्यात, त्यांना दाखवा. हा आपला माणूस की नाही, ते त्या सांगतील.

दिनकर, बाकीचे कुठं गेले, ते तुझ्या वतीने मी सगळ्यांना विचारलं रे. आता जा.