कातळामागची जागा

जबाब देणार: प्यो मालसून. वय ६३. धंदा: सुक्या मासळीचं दुकान, तालुक्याच्या बाजारात, खाटकांच्या गल्लीच्या तोंडाशी. राहणार: त्याच दुकानाच्या माळ्यावर. नवरा हयात नाही.

मी आज डोंगरपायथ्याच्या चौकीत स्वतःच्या पायाने आले आहे, कुणी धरून आणलेलं नाही. हवालदार मेंग विचारतील तसं सांगते की, मी वर लिहिलेल्या ठिकाणी राहते आणि उभा जन्म सुका मासा विकत आले आहे. हवालदार मेंग यांची आई माझं गिऱ्हाईक आहे. हे लिहायची गरज नाही असं हवालदार म्हणाले. तरी लिहावं, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की ओळखीत उरकून टाकलं.

आज आमच्या डोंगरमंडळाची वर्षाची पूजा खालच्या तळ्यावर होती. थंडी ओसरली की डोंगराच्या देवासमोर डुकराचं मुंडकं, तांदळाच्या वड्या, माक्कली म्हणजे तांदळाची दारू आणि अख्खा सुका मासा ठेवतो आणि वर्षभरात कुणाचा पाय घसरू देऊ नकोस म्हणून वाकतो. या दिवसांत डोंगरावर भेटणाऱ्या निम्म्या लोकांच्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला मासा असतो. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे लागणार आहे.

पूजा दुपारची होती. तोवर वरच्या तळ्यापर्यंत जाऊन यावं म्हणून मी आणि माझी नणंद कू सुनदक सकाळीच निघालो. वाट आधी पाइनच्या झाडीतून जाते, मग उघडा ग्रॅनाइटचा कातळ लागतो. कातळावर तारेचा दोर लावलेला आहे, तो धरून चढावं लागतं. माझा डावा गुडघा कामातून गेलेला असल्याने हातात ॲल्युमिनियमची काठी होती. वर पोचलो तेव्हा ऊन स्वच्छ होतं, तळ्याच्या मध्यावर पाणी मोकळं होतं आणि कडेला अजून बर्फाचा पातळ पापुद्रा होता.

वरच्या तळ्याशी एक मोठा सपाट कातळ आहे. त्याच्या मागे वारा लागत नाही. तिथे बसलेलं माणूस वाटेवरून दिसत नाही. त्या जागी एक बाई एकटीच बसली होती. तिचं नाव बांग सोल्ही, वय चौतीस, हे मला आता समजलं. तेव्हा मी तिला पोरी म्हणूनच हाक मारली. अंगात पातळ जाकीट, गळ्याला घट्ट रुमाल. मी तिला किंबाप म्हणजे शेवाळाच्या पापुद्र्यात गुंडाळलेला भात, उकडलेली अंडी आणि अर्धी काकडी दिली. तिने अंडी सोलायचाही धीर धरला नाही, अर्धं टरफल तोंडातच गेलं.

मी विचारलं, "एकटी का गं? घरी भांडून आलीस?"

ती म्हणाली, "मावशी, इथे बसलं की कुणाला दिसत नाही ना?"

मी म्हटलं, "देवालासुद्धा दिसत नाही. पण किती वेळ बसशील? नवराबायकोचं भांडण म्हणजे सुरीने पाणी कापणं. कापलं तरी पुन्हा एक."

ती हसली नाही. आमच्याकडे ही म्हण ऐकून सगळे हसतात, निदान मान तरी डोलावतात. तिने नुसतं पाण्याकडे पाहिलं. मला वाटलं, आजकालच्या पोरींना म्हणी कळत नाहीत.

खाली उतरताना दोराच्या कातळावर एक पुरुष चढताना भेटला. तो चू ग्वानहो. पायात शहरी बूट, गुळगुळीत तळव्याचे. पाठीला पिशवी नाही, पाण्याची बाटली नाही. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं लांबट पुडकं. घामाने निथळत होता. वाट सोडून बाजूला उभा राहिला, आम्हाला आधी उतरू दिलं, वाकून नमस्कार केला. मग मोबाईलवर फोटो दाखवला आणि म्हणाला, "मावशी, हिला बघितलंत का? माझी बायको आहे. रागावून आलीय."

एवढंच त्याने विचारलं.

मला कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू. असले बूट घालून कातळ चढत बायकोची समजूत काढायला आलेला नवरा मी आयुष्यात पाहिला नव्हता. माझा नवरा दाराबाहेरसुद्धा आला नसता. मी म्हटलं, "बघितली म्हणजे काय, आत्ता जेवायला घातलंय तिला. वरच्या तळ्यावर जा. दगडांची चवड दिसेल, तिथून डावीकडे वळ, सपाट कातळाच्या मागे बसलीय. वाटेवरून शोधत बसशील तर संध्याकाळ होईल."

मग मी त्याची थट्टाही केली. "पूजा खाली आणि मासा घेऊन चाललास वर? देवाला चुकवतोस की काय?"

तो म्हणाला, "हा बायकोसाठी आहे, मावशी."

मी त्याला उरलेली काकडी दिली. डोंगरावर चढणाऱ्याला उतरणाऱ्याने काहीतरी द्यायची रीत आहे. त्याने ती दोन्ही हातांनी घेतली आणि खिशात ठेवली. आता मला चौकीत त्याच्या खिशातून निघालेली अर्धी काकडी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दाखवण्यात आली. ती मीच दिलेली आहे. एका टोकाला माझ्या सुरीने सोललेली आहे. त्याने ती चाखलीही नव्हती.

झाडीपर्यंत उतरलो तेव्हा वन्संचा चेहरा मला बरा दिसला नाही. मी विचारलं, "पाय दुखतोय का?"

त्या म्हणाल्या, "वहिनी, त्या पोरीचा रुमाल सरकला होता. गळ्यावर बोटं उमटली होती. निळी-काळी."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तुम्ही कुणाला बोलू दिलंत तर ना! तिकडे म्हणी, इकडे काकड्या."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की तो माझ्या हाताच्या अंतरावर उभा होता आणि त्याच्या पुडक्याला वास नव्हता. सुका मासा सात कागदांत गुंडाळला तरी वास येतो. माझ्या उशीला येतो. मुलगी म्हणते फोनमधूनसुद्धा येतो. आणि त्याच्या पुडक्यातून शेपूटही बाहेर आलेली नव्हती. मी काय विचार केला ते हवालदारांनी विचारलं. मी विचार काही केला नाही. वन्संना म्हटलं, "खाली पळा, तळ्यावर फोन लागतो, पोलिसांना आणि मंडळाच्या लोकांना सांगा." आणि मी मागे फिरले.

दोराचा कातळ मी कसा चढले ते मला सांगता येणार नाही. दोन्ही तळहात सोलले आहेत ते त्यामुळे. कातळाच्या अर्ध्यावर असताना पहिली किंकाळी आली. मग आणखी दोन. त्यानंतर आवाज आला नाही, आणि आवाज न येणं हे जास्त वाईट होतं.

मी पोचले तेव्हा तो तिच्या अंगावर गुडघे रोवून बसला होता. वर्तमानपत्र उडून तळ्याच्या बर्फावर पडलं होतं. हातात कच्चा मासा कापायची लांब, अरुंद सुरी होती. आमच्या बाजारात कोळ्यांकडे असते तीच. तिने पातं दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. नुसत्या हातांनी. तो ते ओढून काढत होता आणि पुन्हा खुपसत होता. पांढऱ्या कातळावर रक्त पन्हाळीतून यावं तसं उतरत होतं. तो ओरडत नव्हता, शिव्याही देत नव्हता. दर वेळी श्वास टाकत होता, लाकूड फोडणारा टाकतो तसा.

मी त्याच्या पाठीत काठी घातली. काठी वाकली. त्याने मान वळवली आणि मला ओळखलं. म्हणाला, "मावशी, तुम्ही मध्ये पडू नका. हे आमचं घरचं आहे."

असं तो आदराने म्हणाला. तो आदर अजून माझ्या कानात आहे आणि मला त्याची किळस येते.

वळणावरच्या चवडीतून मी दगड घेतला. येणारेजाणारे मनात काही मागून दगडावर दगड ठेवतात ती चवड. सकाळी मीही एक ठेवला होता, मुलीचं बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून. हाताला आला तो घेतला, कुणाचा होता ते पाहिलं नाही. पहिला घाव त्याच्या कानामागे बसला. तो उठला. त्याने सुरी फिरवली, माझा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत फाटला. दगड मी डाव्या हातात घेतला आणि दुसरा घाव तोंडावर घातला. दात मोडल्याचा आवाज आला. तिसराही घातला. हवालदारांनी विचारलं की तिसऱ्याची गरज होती का. सुरी त्याच्या हातात होती. गरज होती.

कातळ तिथून पाण्याकडे उतरता आहे आणि रक्ताने निसरडा झाला होता. त्याच्या बुटांना पकड मिळाली नाही. घसरताना त्याने माझ्या पाठीवरच्या पिशवीचा पट्टा पकडला. मी पट्ट्यांतून खांदे काढून घेतले. तो पिशवीसकट खाली गेला, बर्फ फुटलं. पाणी तिथे कडेलाच खोल आहे. दोनदा वर आला. तोंडाला बर्फाचे तुकडे चिकटले होते. "मावशी, काठी द्या," असं म्हणाला. दोनदा म्हणाला.

काठी माझ्या पायाशी पडली होती. वाकलेली होती, पण पोचली असती. मी दिली नाही. तो पुन्हा वर आला नाही.

हवालदार मेंग इथे लिहायचे थांबले. म्हणाले, "मावशी, नीट आठवा. तुमचे दोन्ही हात त्या बाईच्या जखमेवर होते ना? मग काठी देणार कशी?"

मी म्हटलं, "बाळा, तुझ्या आईला मी कधी शिळा मासा विकला नाही. तुलाही विकणार नाही. आधी त्याने काठी मागितली, मी त्याच्याकडे बघितलं, मग वळले आणि जखमेवर हात ठेवले. या क्रमाने लिही." त्यांनी या क्रमाने लिहिलं आहे. त्याचं मला वाईट वाटत नाही. पुढे कधी वाटलं तर येऊन सांगेन.

बांग सोल्हीच्या पोटाला तीन आणि खांद्याला एक अशा जखमा मी पाहिल्या. पोटावरच्या मोठ्या जखमेवर माझं जाकीट दाबलं आणि त्यावर अंगाचा भार टाकला. तिची बोटं लोंबत होती. डोळे उघडे होते. ती म्हणाली, "मावशी, देवासारख्या आलात." मी म्हटलं, "बोलू नकोस." ती ऐकेना. पुन्हा पुन्हा एकच विचारत होती, "मी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्याला कसं कळलं मी इथे मागे बसलेय?"

मंडळाची माणसं आणि बचावपथक येईपर्यंत ती तेच विचारत होती आणि मी तिला गप्प करत होते. मीच सांगितलं, हे तोंडातून निघालं नाही. आयुष्यात पहिल्यांदा, वन्संना विचारा.

हवालदारांनी मला सांगितलं की तिने कार्डाने बसचं भाडं भरलं त्याचे संदेश नवऱ्याच्या फोनवर जात होते, त्यावरून तो इथवर आला, तेव्हा मी मनाला लावून घेऊ नये. मी म्हटलं, कार्डाने डोंगराचा पायथा कळतो. कातळामागची जागा कार्डाला माहीत नाही. त्या डोंगरावर त्याला ती संध्याकाळपर्यंत सापडली नसती. ऊन उतरल्यावर ती लोकांबरोबर खाली आली असती. पूजेला शंभर माणसं होती.

हवालदार म्हणाले, "रस्ता दाखवला याला कलम नाही, मावशी. काठीचं मात्र मोठ्या साहेबांना कळवावं लागेल."

मी म्हटलं, "कळव. पण जे तू खोदून विचारतोस त्याचं मला काही नाही, आणि ज्याने माझं काळीज फाटलंय त्याला तुझ्याकडे कलम नाही. मग निदान कागद तरी दे त्याला. लिही."

जबाब इथवर झाल्यावर हॉस्पिटलमधून फोन आला. शस्त्रक्रिया झाली, बांग सोल्ही शुद्धीवर आहे. उजव्या हाताची दोन बोटं गेली, जीव वाचला. मी हवालदारांच्या टेबलावर डोकं ठेवून रडले, हेही लिहावं. नर्सने असंही सांगितलं की पेशंट दोनच गोष्टी बोलते आहे. त्याला कसं कळलं, आणि त्या मावशींना बोलवा.

वरील जबाब हवालदार मेंग यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. माझी नणंद कू सुनदक समोर बसून ऐकत होती. सगळं मी बोलले तसंच आहे, फक्त एका ठिकाणी "चू ग्वानहो याने विचारल्यावरून बायको बसलेली जागा सांगितली" असं लिहिलं होतं, ते मी खोडायला लावलं. त्याने जागा विचारली नव्हती. बघितलंत का, एवढंच विचारलं होतं. जागा मी आपणहून सांगितली. उजव्या हाताला टाके असल्याने डाव्या हाताचा अंगठा देते.

माझी विनंती आहे की हा कागद मोठ्या साहेबांकडे जाण्याआधी बांग सोल्हीला वाचून दाखवावा. ऐकल्यावरही तिने मला बोलावलं, तर मी हॉस्पिटलच्या बाहेर बाकावर बसलेली असेन.