जनाच्या बोटाखालची हवा

माझं नाव सुदाम. मूळ गाव बीडकडचं, पण गावातलं काय आठवतंय म्हणाल तर विहिरीवरचं डिझेल इंजिन तेवढं आठवतं, बाकी सगळी हयात इथंच तुर्भ्यात गेली. बाप एपीएमसीत कांद्याच्या गोण्या उचलायचा, मी त्याच्या मागं मार्केटात आलो आणि पाठीवर गोणी घ्यायच्या ऐवजी टेम्पोच्या खाली शिरलो, तो आजतागायत खालीच हाय. बाप म्हणायचा, हात काळे होऊ दे, पण कुणापुढं वाकू नको. आता वाकल्याशिवाय गाडीचं काम होतं का, तुमीच सांगा ताई.

तर जना. जनार्दन, इथलाच, आगरी, मिठागरावर राबलेल्या घरातला. आमी दोघांनी मिळून गॅरेज टाकलं, पंचवीस वर्षं एका पत्र्याखाली काढली, एकत्र जेवलो, त्याच्या घरची सुकट आणि माझ्या घरची भाकरी. त्याच्या पोरीचा मी मामा. भांडण व्हायचं नाय असं नाय, रोज व्हायचं, पण ते चहा येईपर्यंतच.

तुमी विचारलंत ना, टॉप काढणं म्हंजे काय. सांगतो. टायमिंगचा पट्टा, म्हंजे पिस्टन आणि वॉल्वची चाल जुळवून ठेवणारा, तो बदलायचा तर आधी एक नंबरचा पिस्टन अगदी वर, टोकाला आणून उभा करायचा, त्याला आमी टॉप म्हणतो. आता पिस्टन काय एकदाच वर येतो का, दोनदा येतो, एकदा हवा दाबत आणि एकदा जळका धूर बाहेर टाकत, आणि आपल्याला पाहिजे हवा दाबणारा. डोळ्याला ते दिसत नाय. म्हणून प्लग काढायचा, त्या भोकावर एकानं बोट दाबून धरायचं आणि दुसऱ्यानं खालून पान्यानं इंजिन फिरवायचं. हवेनं बोट उडवलं की समजायचं, हाच. मग भोकात सायकलचा स्पोक सोडायचा, पिस्टनबरोबर तो वर चढतो, चढतो आणि थांबतो, तिथं बस म्हणायचं. बोट आणि स्पोक जनाकडं, पाना माझ्याकडं, पंचवीस वर्षं हीच वाटणी. आणि एक नियम, आमच्या उस्तादानं शिव्या घालून शिकवलेला, की पुढं गेलं तर मागं आणायचं नाय. पाना जरा जरी पुढं सरकला तर पूर्ण दोन फेरे फिरवायचे आणि पुन्हा खालनं वर यायचं. मागं फिरवलं की पट्ट्यात ढील राहते, दात चुकतो, मग इंजिनाची वाट लागते.

तीन वर्षांमागं खारघरची एक गाडी आली. टॉप दाखवणारी पुलीवरची खूण गंजून गेलेली, म्हंजे सगळं काम जनाच्या बोटावर. मालक डोक्यावर उभा, त्याला लग्नाला जायचं होतं, सारखं किती वेळ, किती वेळ. जना म्हणाला बस. आणि काय सांगू तुमाला, माझा पाना सटकला, पुढं गेला. जना वर वाकलेला, त्याला दिसलं नाय. दोन फेरे म्हंजे किती, पाच मिनिटं पण नाय. पण मी म्हटलं कोण बघतंय, आणि अंदाजानं पाना मागं आणला. पट्टा चढवला. चढवल्यावर परत हातानं फिरवून बघायचं असतं, कुठं अडतंय का, ते पण मी नाय केलं, सरळ चावी मारली. खडाक करून आवाज आला आणि सगळे वॉल्व वाकले.

मालक ओरडायला लागला, आजूबाजूची माणसं जमली. आणि माझ्या तोंडातनं निघालं, जना, शुगरनं तुझ्या बोटातली जाण गेली रे आता. त्याला शुगर होती, पायाला मुंग्या यायच्या, हे त्यानं फक्त मला सांगितलं होतं, बायकोला पण नाय. ते मी चारचौघांत बोललो.

तो भांडला असता तर बरं झालं असतं ताई, खरंच सांगतो, त्यानं दोन कानाखाली दिल्या असत्या तर मी तिथंच कबूल केलं असतं. तो भांडलाच नाय. बोटाकडं बघत राहिला, अंगठ्यानं चोळलं, फडक्यानं पुसलं, परत चोळलं. दुसऱ्या दिवशी हत्यारं माझ्याकडं ठेवून गेला, तो स्पोक पण.

आता तो उलव्याला एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन हाय. गेल्या साली मी गेलो, मनात ठरवूनच गेलो की आज सांगायचं. त्यानं मला त्याची खुर्ची दिली, स्वतः उभा राहिला, चहा मागवला. एक गाडी बाहेर निघाली तर नुसत्या आवाजावरनं म्हणाला, हिचा एक प्लग मारत नाय. मी म्हटलं, मग उघड की बॉनेट. तर म्हणाला नाय रे, मी हात लावत नाय आता. आणि मग म्हणाला,

"बरा झाला सुदाम, तू तवा बोललास. नायतर आनखी कोनाकोनाच्या गाड्या मी बिगडवल्या असत्या."

त्यानं माझे उपकार मानले हो. तो चहा मी कसा प्यायलो माझं मला माहीत. पोरीची चौकशी केली आणि उठलो.

आता बोट पण माझंच आणि पाना पण माझाच, दोन्हीकडं हात पुरत नाय, कंबर मोडते. पाना पुढं गेला की गुमान दोन फेरे फिरवतो, गिऱ्हाईक कितीबी ओरडू दे. आता नियम पाळून काय उपयोग, पण पाळतो.

तुमी हे लिहून काढताय, तुमचं भलं होवो. फक्त एवढं करा, छापून झालं की मला नका देऊ, एक प्रत उलव्याला त्याच्या हातात द्या. वाचायचा त्याला लई नाद, गेटवर बसून तेच करतो. वाचून त्यानं शिव्या घातल्या तर त्या माझ्याच हायत, घालू दे. बाकीचं काय पण गाळा ताई, पण शेवटचं वाक्य मी सांगतो तसंच ठेवा. जना, तुझं बोट बरोबर होतं, पाना माझा सटकला.