दुरुस्तीला आलेलं पत्र

...आणि वर लोक मलाच विचारतात, "काय काका, लेक मजेत ना? सुट्टी आहे ना आता!" तुम्हाला सांगतो, शिक्षकांच्या सुट्टीला ज्यानं कुणी सुट्टी म्हटलं, त्याला माझ्या घरी आठवडाभर आणून बसवा. मी सुतार माणूस, चौथीत शाळा सोडली, पण एकदा करवत खाली ठेवली की ठेवली. माझी लेक सरकारी शाळेत बावीस वर्षं भाषा शिकवते, आणि सुट्टी लागली रे लागली की शाळेचं पत्र आलं, दुरुस्त करून दे... अहवाल आला, दुरुस्त करून दे... कारकून दारात उभा, "ताई, जरा नजर टाका." जरा म्हणे. सुट्टी आहे ना.

तर यंदा चौथ्याच दिवशी हा कारकून लिफाफा घेऊन हजर. सवयीनं आणला हो, आत काय आहे ते त्या शहाण्यानं वाचलंसुद्धा नव्हतं. लेकीनं लिफाफा फोडला, उभ्यानंच वाचला, मग खाली बसली आणि लाल पेन शोधायला लागली. मी विचारलं, काय आहे गं?

"शाळेचा प्रस्ताव आहे, बाबा. निधी कमी झालाय. भाषेचं पद बंद करून तास कवायतीच्या सरांना द्यायचेत."

कवायतीचे सर! तो माणूस पोरांशी शिट्टीनं बोलतो. आणि बघा तुम्ही, हिचीच नोकरी कापायची करवत, आणि धार लावायला पाठवली कुणाकडे, तर हिच्याकडेच.

मी म्हटलं, हात लावू नकोस, आहे तसं जाऊ दे. गचाळ पत्र वरच्या कार्यालयातून परत येतं, हे तीच मला सांगायची, मागं दोनदा आलं होतं. परत आलं की पुन्हा लिहितील, पुन्हा पाठवतील, तोवर मुदत टळेल, वर्षभर तरी पद वाचेल. खोटं बोलायचं नव्हतं, कुणाच्या पाया पडायचं नव्हतं, फक्त काही करायचं नव्हतं! सुट्टी आहे ना, मग घे की एकदाची सुट्टी.

तर मला म्हणते कशी, "शेजाऱ्यांनी आपल्यावर दावा लावला होता, तेव्हा त्यांची खाट दुरुस्तीला तुमच्याकडेच आली होती. तुम्ही एक पाय आखूड ठेवलात?"

नव्हता ठेवला. चारही पाय टेकवून दिले होते. अजून त्याच खाटेवर घोरतो मेला, भिंतीतून ऐकू येतं.

दुपारभर ती त्या पत्रावर बसली, तिची आई जेवायला हाका मारून थकली, आणि शेवटी मला वाचून दाखवलं... काय सांगू, इतकं नेटकं की पद बंद करावं हे मलासुद्धा पटायला लागलं. आठ दिवसांत मंजुरी. मुख्याध्यापकांचा फोन, "बाई, तुमच्या पत्रामुळे काम झालं हो." वर आणखी, कवायतीच्या सरांना वर्षभराचे धडेही लिहून द्या, सुट्टी आहे ना. आणि मग म्हणाले, जरा काकांना द्या. त्यांचं म्हणणं, भाषेच्या वर्गातलं पुस्तकांचं कपाट तुमच्याच हातचं, मधल्या फळ्या तेवढ्या काढून द्या, चेंडू ठेवायचेत.

असा झापला म्हणून सांगू त्यांना, फोनवरच, दहा मिनिटं. शाळेची पायरी चढणार नाही म्हटलं.

काल गेलो. दुसऱ्या कुणी काढल्या असत्या तर कपाट चिरलं असतं. लेकीनं एकेक पुस्तक उतरवून पुसून खोक्यात भरलं, मी फळ्या सोडवल्या, एक ओरखडा पडू दिला नाही. कवायतीच्या सरांनी पहिला चेंडू आत ठेवला, तो घरंगळून बाहेर आला. दुसरा ठेवला, तोही आला. सर माझ्याकडे बघतात. लेक खिडकीबाहेर बघते. मी म्हटलं, बरं झालं.

आणि पिशवीतून खिळे काढले, पुढून एक पट्टी ठोकून दिली. आता एकसुद्धा चेंडू बाहेर येत नाही.