घरगड्यासाठी पडदा

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावर बसलेले नाटककारसाहेब, आपल्या नाटक कंपनीचे मॅनेजरसाहेब आणि समोर जमलेल्या रसिक मंडळींनो, तुम्हां सगळ्यांना माझा नमस्कार.

मी या कंपनीची कपडे धुणारी. मला लिहिता-वाचता येत नाही. भाषण मी सांगितलं, नातीनं उतरवून घेतलं. ती विंगेत कागद धरून उभी आहे. मी भरकटले की खोकणार आहे. आत्तापासूनच घसा खाकरतेय.

आज निरोप आहे तो आमच्या ह्यांना. उभा जन्म त्यांनी या रंगमंचाचा पडदा ओढला. मग ते व्यासपीठावर का नाहीत? मीच त्यांना पहिल्या रांगेत बसवलंय. का, ते शेवटी सांगते.

पूर्वीच्या नाटकांत नशीब फक्त मोठ्यांच्या घरी जायचं. गरिबाचा पत्ताच त्याला ठाऊक नव्हता. राजा मेला की पडदा. राणी मेली की पडदा, जरा सावकाश. नोकर मेला तर कुणीतरी येऊन सांगायचं, “महाराज, तो गेला.” महाराज म्हणायचे, “बरं.” ह्यांच्या हाताला तेच वळण पडलं.

मग नाटककारसाहेबांनी नवं नाटक लिहिलं. त्यात नायकच घरगडी. मालकाची लबाडी त्याच्या माथी येते आणि शेवटी तो मालकाच्या पायाशी मरतो. तालमी झाल्या बिनपडद्याच्या खोलीत. पहिल्या प्रयोगाला गडी मेला. छान मेला. पडदा काही पडेना. हे आपले दोर धरून उभे, मालक कधी मरतोय याची वाट बघत. मालकाचं काम करणाऱ्या नटानं दोन येरझाऱ्या घातल्या. खिडकी लावली. पुन्हा उघडली. शेवटी बिचाऱ्यानं छाती धरली, “मलाही बरं वाटत नाही,” म्हणाला आणि मेला. पडदा लगेच पडला.

नाटककारसाहेब तरातरा आत आले. “अहो, गड्यासाठी पडदा पडावा म्हणून तर हे नाटक लिहिलं मी!”

हे म्हणाले, “साहेब, गडी गेल्यावर घर थांबतं होय?”

मॅनेजरसाहेबांनी निकाल दिला, “उद्या चुकलात, तर दोर सोडून घरी बसायचं.”

रात्री हे जेवले नाहीत. म्हणाले, “अगं, राजासाठी किती वेगानं पाडायचा ते हाताला कळतं. गड्यासाठी किती?”

मी म्हटलं, “जन्मभर त्याला सगळ्यांनी घाईच केली. आता तरी सावकाश.”

दुसऱ्या दिवशी पडदा इतका सावकाश आला, की मेलेल्या गड्यानं मध्येच नाक खाजवून घेतलं. लोकांचे डोळे भरले होते, म्हणून कुणाला दिसलं नाही. दोर ह्यांच्याच हाती राहिला. गड्याचं काम करणारा तेवढा कुरकुरला, “मावशी, फरशी फार गार होती.”

नात खोकली. आवरते.

तर, ह्यांनी एवढे पडदे पाडले, पण समोरून एकही पडताना पाहिला नाही. आज पाहतील. पडणार आहे तो एका धुणंवालीवर. तिला मरायचं नाही, नुसतं गप्प बसायचंय. ह्यांच्या मते तेच जास्त अवघड.

तुम्ही माझं बोलणं ऐकून घेतलंत, उपकार झाले. काही अधिकउणं बोलले असेन, तर धुण्यात गेलं असं समजा.

अहो, उठू नका. बसा. दोरावर माणूस आहे.

हं, सोड रे बाबा. सावकाश.