कॅसेटींचं कपाट

तेजल: दिसतंय का आता, भाऊजी? खिडकीकडे धरलीय.

सत्यम: दिसतंय. जरा खाली. हां. आता बटण दाबा, वहिनी.

ॲप: कॅसेट ओळखता आली नाही. नाव सांगा.

तेजल: आता नाव मी कुठून आणू? वर लिहिलंय शंभर गेम. चित्र विमानाचं आहे.

सत्यम: त्यात विमान नव्हतंच कधी. चारच गेम. तेच ते पंचवीस वेळा.

तेजल: म्हणजे आमच्या हॉटेलच्या जाहिरातीसारखं. फोटोत धबधबा, खिडकीतून पार्किंग.

नंदाबाई: कडंला तुटल्याली हाय ना ती? बदकं म्हन.

तेजल: आत्या, तुम्ही चुलीपाशी बसून कसं ओळखलं?

नंदाबाई: ती लावली की ह्यो जेवायला उठायचा न्हाई. भाकरी गार व्हायची, ह्येची बदकं उडत र्‍हायची.

ॲप: बदकं. नोंद झाली. ठिकाण, सुदुंबरे, आतली खोली. अवस्था निवडा. नव्यासारखी, चांगली, वापरलेली, डाग असलेली.

तेजल: असं दर वेळी बोलून दाखवणारच का हे?

सत्यम: आईला बारीक अक्षर दिसत नाही म्हणून आवाज टाकला. मीच बनवलंय ना ते. इकडे आलो त्या पहिल्या हिवाळ्यात. चार वाजता अंधार पडायचा. मग खोलीत बसून कपाटात काय कुठे आहे ते आठवून भरायचो.

नंदाबाई: आन आटवलं न्हाई की मला फोन. खालच्या फळीवं काय हाय, लाल कॅसेट डाव्या हाताला का उजव्या. तुझं आबा म्हनायचं, पोरगा फोन आपल्याला करतोय का कपाटाला?

सत्यम: आबा आहेत का?

नंदाबाई: गोट्यात हायती. तू फोनवर असलास की त्येंला गोट्यात काम निघतं.

तेजल: मी दाबू का, डाग असलेली?

सत्यम: थांबा. डाग कसला? जाताना एकेक कॅसेट स्पिरिटनं पुसून, फोटो काढून ठेवली होती मी. पहिल्या फोटोत बघा, स्वच्छ आहे.

तेजल: पहिल्या फोटोत आहे हो. आता नाही.

सत्यम: दुसरी बघा बरं. रणगाड्याची.

तेजल: तिच्यावर पण. भाऊजी, सगळ्यांवर आहेत.

सत्यम: पोरांनी हात लावला असेल. म्हणून म्हणत होतो कुलूप लावा. तो पिंपरीचा माणूस फार चिकित्सक आहे. म्हणाला, प्रत्येक कॅसेटची अवस्था लिहा, आज यादी पाठवा, तरच रविवारी गाडी घेऊन येतो.

नंदाबाई: कोन मानूस?

सत्यम: आई, ते मी सांगणारच होतो.

नंदाबाई: कोन मानूस, तेजल?

तेजल: मला नका ना विचारू, आत्या. भाऊजी म्हणाले होते, आईला मी सांगतो. मला वाटलं, सांगितलं असेल.

सत्यम: जुने गेम जमवतो तो. बरा माणूस आहे. त्याच्याकडे एक अख्खी खोली आहे, टीव्हीसुद्धा जुना ठेवलाय, डब्यासारखा. तिथे त्या चालू राहतील. तुझ्याकडे नुसत्या बंद कपाटात पडून आहेत.

नंदाबाई: तू म्हनलास, मोजायच्यात. न्यायच्यात असं न्हाई म्हनलास.

सत्यम: मोजल्याशिवाय देणार कशा?

नंदाबाई: व्हय. मोजूनच देत्यात. मीच येडी.

तेजल: आमच्या हॉटेलात गेस्टनं खोली सोडली की आम्ही कपाटं उघडून बघतो. काही राहिलं असेल तर फोन करतो. बहुतेक जण म्हणतात, राहू द्या, टाकून द्या. तुम्ही निदान यादी तरी करताय.

सत्यम: वहिनी, टोमणा कळला.

तेजल: कळावा म्हणूनच मारला. बरं, हे डाग बघा. पिवळ्यावर लाल. एकाखाली एक, सरळ रेघेत. पोरांचे हात असे रेघेत चालतात का? ओल्या फडक्यानं पुसून बघू?

नंदाबाई: ओलं लावू नगंस. मशीन हाय ती.

सत्यम: काय म्हणालीस?

नंदाबाई: तूच म्हनला व्हतास. बारका व्हतास तवा. आये, ओलं कुंकू नगं, आत पानी गेलं की मशीन मरतं. कोरडं लाव, आन त्या दातांपाशी लावू नगं. म्या कवाच दातांपाशी लावलं न्हाई. बघ की उलटी करून.

तेजल: खरंच, भाऊजी. खालची दातांची पट्टी कोरी आहे.

सत्यम: हळदकुंकू आहे ते?

नंदाबाई: मग काय रंगपंचमी खेळले व्हय कॅसेटीसंग? दसऱ्याचं हाय.

सत्यम: सगळ्यांना?

नंदाबाई: एकीला लावायचं आन एकीला न्हाई, असं कसं? इळं, कोयतं, तुझ्या भावाचा ट्रॅक्टर, तेजलचा तो पैशे घ्यायचा डबा…

तेजल: स्वाइप मशीन. हॉटेलातून मागून आणते दर वर्षी. मॅनेजर हसतो, पण देतो.

नंदाबाई: …आन शेवटाला कपाट. सतरंजी हातरायची, समद्या बाहेर काडायच्या, एकेकीला बोट लावायचं. वरनं झेंडूची पाकळी. सांच्याला पाकळी काडून परत हुत्या तशा ठेवायच्या. तुझ्या त्या ॲपात डावी कुटली, उजवी कुटली, समदं हाय. चुकलं तर तुला तितं कळंल म्हून मी लय जपून ठिवती.

सत्यम: म्हणजे एकेका दसऱ्याचा एकेक ठिपका.

नंदाबाई: तू न्हवतास तेवढ्या दसऱ्यांचा. तू व्हतास तवा तू पुसायचास ना दुसऱ्या दिशी. आता पुसनार कोन?

(गावाजवळच्या कंपनीचा भोंगा वाजतो.)

तेजल: भाऊजी, आहात ना लाइनवर?

सत्यम: आहे. वहिनी, याची सुरुवात तुम्हाला माहीत नाही. मी तिसरीत होतो. दसऱ्याला सगळ्यांनी पाटी-पुस्तकं मांडली, मी खेळायचा रिमोट नेऊन कोयत्याशेजारी ठेवला. आबांनी हात उगारला. तर अंबूआजी आबांना म्हणाली…

नंदाबाई: र्‍हाऊ दे, सोपाना. पोरगं हातात जे धरतं, तेच त्येचं हत्यार.

सत्यम: तसंच म्हणाली. आणि आबांनी त्याच हातानं कुंकू लावलं.

नंदाबाई: आन ते फळलं बग. त्यातच तर नोकरी लागली तुला. गेम नीट चालतोय का बघायची. आमी लोकांला सांगत व्हतो, पोरगं खेळायचा पगार घेतंय.

सत्यम: फळलं म्हणायचं.

नंदाबाई: इळ्याचं फळलं असतं तर हितंच असतास. माझाच हात कॅसेटींवर जास्त पडला.

तेजल: आत्या, असं काय बोलता.

नंदाबाई: खरं ते बोलती. आता तूबी खरं सांग, सत्यम. कपाट का रिकामं करायचंय?

सत्यम: सांगितलं की, पडून खराब…

नंदाबाई: पडून तर धा वर्सं हाय.

सत्यम: आई, इथे घर घेतलंय. दोन खोल्यांचं. आता इथेच राहायचं असं ठरतंय. म्हटलं, तिथला पसारा आपणच आवरावा. तुम्हा लोकांवर कशाला टाकायचा.

नंदाबाई: म्हंजे येत न्हाईस.

सत्यम: येणार गं. दर वर्षी येणार. भेटायला येणार.

नंदाबाई: भेटायला पावनं येत्यात.

तेजल: मी चहा ठेवते.

नंदाबाई: फोन धरून बस. मला ते धरता येत न्हाई.

सत्यम: आई, इथे नुसत्या रिकाम्या भिंती आहेत. रोज कामावरून आलं की तेच ॲप उघडतो. खालची फळी, वरची फळी, एकेक फोटो. कपाट तिथे आहे आणि मी इथे बसून त्याच्याकडे बघतोय. म्हटलं, कपाटच नसलं तर बघणार कशाकडे? मग इथं करमेल.

नंदाबाई: करमंल का?

सत्यम: म्हायती न्हाई.

तेजल: बघा, आत्या. भाऊजींच्या तोंडात किती दिवसांनी गावची बोली आली.

नंदाबाई: दे मग त्या मानसाला. मी आडवी येत न्हाई. तुझं हाय, तू दे. तेवढं त्येला सांग, दसऱ्याला बाहेर काडून बोट लावत जा. कोरडंच लाव म्हनावं. आन दातांपाशी नगं.

सत्यम: तो नाही लावणार, आई. तो पुसून घेईल. डाग असले की किंमत पडते त्यांची.

नंदाबाई: अस्सं.

तेजल: इळे घासून ओट्यावर वाळत घातलेत, भाऊजी. दसरा काही लांब नाही. सांगते आपलं, तिकडं कॅलेंडरवर नसेल म्हणून.

सत्यम: वहिनी, ती बदकांची कॅसेट परत धरा ना. जवळ. अजून जवळ.

तेजल: फोकस जाईल.

सत्यम: जाऊ दे. तो सगळ्यात वरचा ठिपका फिका झालाय.

नंदाबाई: पयला हाय त्यो. त्या वर्षी लय पातळ लागला. बोट टेकवून लगीच उचललं.

ॲप: बदकं. अवस्था निवडली नाही. नव्यासारखी, चांगली, वापरलेली, डाग असलेली.

तेजल: काय सांगू याला?

सत्यम: काहीच सांगू नका. त्यात बसणारा शब्दच मी टाकलेला नाही.

तेजल: आणि यादी? तो माणूस थांबलाय ना?

सत्यम: थांबू दे.

ॲप: ही नोंद अपूर्ण आहे. अशीच ठेवायची का?

नंदाबाई: कुनाला इचारतंय ते?

सत्यम: तुलाच विचारतंय, आये.

नंदाबाई: ठेव म्हनावं. दसऱ्यापतुर तरी ठेव.