सार्थकच्या आईची खूण

नाय, मी नाय येत वर. तुलाच जायचंय दीक्षा, आजपासून त्या घरचं काम तुझ्याकडं — संस्थेत मीच सांगितलंय तसं. पोलादपूरपर्यंत आले ना सोबत, एस्टीत बसवून देते, बास. अशी बघू नको माझ्याकडं. भांडण? भांडण कसलं गं, दोन वर्षांत त्या घरात मला कुणी वाकडा शब्द बोललेलं नाय. सार्थकची आजी, राहीबाई, चहा दिल्याशिवाय सोडायची नाय, आणि कपही वेगळा नाय, घरातलाच — मी काय म्हणते कळतंय ना तुला. बस जरा, गाडीला अर्धा तास आहे. सांगते. सांगायचं नव्हतं, पण नाय सांगितलं तर तू पहिल्याच दिवशी चुकशील.

सार्थक, तो पोरगा, चार वर्षांचा. जन्मापासून दिसत नाय, उजेड-अंधारसुद्धा कळत नाय. मी त्याला शिकवायला पहिल्यांदा गेले तेव्हा दोन वर्षांचा होता आणि कायम आईच्या कडेवर — खाली ठेवला की किंचाळायचा. का? तर आपल्याला डोळ्यांनी दिसतं माणूस कुठं आहे ते, त्याच्यासाठी हात सुटला की माणूस संपलं. म्हणून मी घरातल्या प्रत्येकाची एक खूण ठरवून दिली. आजीनं जवळ येण्याआधी खाकरायचं. बापानं, दीपकनं, दारातून मोटरसायकलची चावी वाजवायची. आणि आईनं, अनुपमानं, दोन्ही हातांत डझन डझन काचेच्या बांगड्या भरायच्या. ती चुलीपाशी, तो ओटीवर — तिनं हात हलवायचा, त्यानं शोधत यायचं. सहा महिन्यांत पोरगा त्या आवाजामागं घरभर चालायला लागला. राहीबाई म्हणाली, माझी सून आता चोरून भजीपण तळू शकत नाय. आणि मी काय केलं — लावणीला अनुपमा शेतात असायची, सराव तुटू नये म्हणून महाडच्या बाजारातून तशाच बांगड्या मीही घेतल्या. त्याच काचेच्या, तेवढ्याच. कासारीण म्हणाली, बहिणी-बहिणी का गं तुम्ही. मी हो म्हटलं. — कळायला हवं होतं, हो. खूण एकाचीच असते. मीच शिकवते ते सगळ्यांना.

मागच्या महिन्यात दीपक गेला. बत्तीस वर्षांचा. छातीत दुखतंय म्हणाला, दवाखान्यात पोचायच्या आत संपलं. मी गेले तेव्हा अंगण भरलेलं, आणि बायका अनुपमाला दगडापाशी घेऊन बसलेल्या. खरं तर त्या गावात ठराव झालाय, नवरा गेला तरी बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर कागद आहे, मी वाचलाय. आणि माझा स्वतःचा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, तेव्हा माझ्या सासूबाईंनीच बजावलं होतं, हिच्या बांगडीला कुणी हात लावायचा नाय. मी नुसता माझा भरलेला हात पुढं केला असता तरी पुरलं असतं. पण बौद्धवाडीतली बाई मी, त्यांच्या मयताला, त्यांच्या रीतीत तोंड कसं घालणार — असं वाटलं. बरं, रीतीचं सोड, पोराचं सांगता आलं असतं ना? की बायांनो, हा याच्या आईचा आवाज आहे, हा फोडू नका. एवढंच. नाय सांगितलं.

तो आतल्या खोलीत होता. बांगड्या फुटायला लागल्या आणि पोरगा हसला. तिचाच आवाज ना तो, इतका मोठा कधी ऐकलेला नाय — हसतच उठला, दारापर्यंत आला. मग आवाज थांबला. अनुपमानं त्याला घ्यायला हात घातला, त्यानं तिचं मनगट चाचपलं, कोपरापर्यंत गेला, आणि ढकललं तिला. बोलण्यावरून ओळखायला ती बोलत होती कुठं? घसा बसलेला, आणि रडताना सगळ्या बायका सारख्याच ऐकू येतात गं. मी पदर सावरला, तेवढ्यात माझ्या वाजल्या. तो वळला. "आय?" म्हणाला.

मी ओ दिली.

त्याला शांत करायला दिली, असं अहवालात लिहिलंय मी. वाच तू, व्यवस्थित लिहिलंय. त्याच्यानंतर दोनदा गेले मी. अनुपमा त्या दिवसापासून कुणाशी बोलत नाय, कामं करते आणि गप्प बसते, आणि पोरगा तिच्या हातानं जेवत नाय. माझ्या मांडीवर मात्र वाटीभर भात खातो. राहीबाई म्हणते, ताई तुम्ही आलात की दोन घास पोटात जातात त्याच्या, रोज या. दुसऱ्या वेळी जाताना मी ठरवलं होतं, बांगड्या काढून जायचं. काढल्याही होत्या, घरूनच. पण त्या पिशवीत होत्या. घरी का नाय ठेवल्या? नेल्या. फाट्यावर उतरले, बांधावर बसले, आणि एकेक करून घातल्या. चोवीसच्या चोवीस. मला कुणी आय म्हटलेलं नाय दीक्षा. लग्नाला बावीस वर्षं झाली असती. — असू दे, तू पाणी पी.

त्या दिवशी तो झोपला मांडीवर. मी निघाले तर अनुपमा दारात उभी. महिनाभरातलं पहिलं वाक्य ती माझ्याशी बोलली. "ताई, तुम्ही त्याला ओ दिलीत." राग नव्हता गं आवाजात. राग असता तर बरं झालं असतं.

तर तू असं कर. हात मोकळे ठेव, घड्याळसुद्धा नको. पोराला हात लावू नको, आधी आईला बोलतं कर. भांड्यांचं बोल, कोंबड्यांचं बोल, काहीही, पण तिचा आवाज निघू दे घरात — तो ओळखेल, चार वर्षांचा आहे, विसरलेला नाय. आणि त्यानं माझं विचारलं तर काहीच सांगू नको. येईल म्हणू नको. तो वाट बघेल.

ती बघ, लागली गाडी. काय? फाट्यापर्यंत तरी चल म्हणतेस? नको. फाट्यावरून त्यांचं दार दिसतं. चढ तू, जागा जाईल.