पित्राच्या पंगतीतला सेंटर

न्हाई, पण मला सांगा, असं कुणी माणसाला तोंडावर बोलतं का? "सावळेरामभाऊ, उद्यापासून तुम्ही ग्राउंडवर यायचं नाही!" मला! ज्यानं तीन महिनं, पावसापाण्याचं, डोक्यावर गोणपाटाची खोळ घिऊन, त्या सिमेंटच्या चौकोनाच्या कडंला उभं राहून ह्यांच्या टीमसाठी टाळ्या वाजवल्या, त्याला! आवं, दुसरं बघायला व्हतंच कोण? एक मी आन् एक वॉचमन, आन् वॉचमनची तर नोकरीच हाय बघायची, त्यात बी तो निम्मा येळ डुलक्या घ्यायचा! आन् टाळ्या तरी कशाला, तर सरावाला... सामना न्हाई, कप न्हाई, पंच न्हाई... सीझन अजून सुरूच व्हायचाय!

कॉलेजचं नाव मी घेत न्हाई, उगं प्राचार्य चिडायचं. आमच्याच भागातलं हाय एवढं समजा. मी महाळुंगे पडवळचा, तीस वर्षं शर्यतीचं बैल सांभाळलं, मला बास्केटबॉल काय ठावं? जूनमधी हर्षालीच्या, माझ्या पोरीच्या, अॅडमिशनचा फारम भरायला गेलो, तर रांग ही एवढी लांब! म्हणलं जरा भाईर जाऊन तंबाखू मळू. तर समोर बारा पोरं बॉल आपटत्यात. त्यात एक पोरगं... तुमाला सांगतो... सहा फूट चार इंच! उगं दोन पावलं पळालं, टुणकन उडालं, आन् त्या लोखंडी कड्याला लोंबकाळलं की! आता बैल पारखणाराची नजर, ती पयली कुठं जाती? पायाला! पाय बघितलं, पिंढरी बघितली, छाती बघितली. पाय एक नंबर, उडी एक नंबर, पण अंगावर मास म्हणाल तर नावाला न्हाई, बरगड्या लांबनं मोजून घ्या! तिथल्या तिथं माझा जीव जडला राव. हर्षालीचा फारम? तो शेवटी तिचा तिनंच भरला.

जानकू नाव पोराचं. डोंगरातला, आहुप्याकडचा. आईबाप उताराच्या वावरात भात आन् नाचणी पिकवत्यात, पोरगं हास्टेलला. मी इचारलं, "कशापायी एवढ्या उड्या मारतो रं?" तर खाली मान घालून म्हणतं, "काका, इद्यापीठाच्या टीमात निवड झाली तर सर्टिफिकेट मिळतंय. मग पोलीस भरतीत खेळाडूची जागा असती." आन् निवड कवा? तर सीझनच्या पयल्या स्पर्धंला निवडणारं सायब लोक येऊन बसत्यात, तवा. ह्याचं कॉलेजातलं शेवटचं वर्ष. म्हणजे एकच दिवस बघा, हुकला की हुकला, परत नाचणीत! म्हणलं, बाळा, आजपास्नं तुझी जबाबदारी माझ्यावर. त्यानं काय दिली न्हवती हो. पण मी घेतली!

मग रोज संध्याकाळी पाचला मी हजर. काय चाललंय तर पळायचं. नुसतं पळायचं! ह्या टोकाकडनं त्या टोकाला, बॉल न्हाई, काय न्हाई, मागं कुत्रं लागल्यागत! वाळुंज सर, म्हणजे त्यांचं खेळाचं मास्तर, गळ्यात शिट्टी, डोक्यावर टोपी, त्यांना म्हणलं, "सर, म्याच कवा?" तर आवाज कसा, एकदम पुस्तकातला, "अहो भाऊ, सीझन अजून सुरू व्हायचाय! दसऱ्यानंतर!" जुलैत मला दसरा सांगतोय माणूस! बरं, कवा खेळलीच पोरं, तर पाच हिकडं, पाच तिकडं, दोघं पाणी पाजायला, आन् आपसातच! आता मी टाळ्या कुणाला वाजवू? आपलीच पोरं जिकली म्हणून नाचू का आपलीच पोरं हारली म्हणून डोक्याला हात लावू? एक दिवस दोन्ही केलं, तर सर म्हणालं, "भाऊ, जरा शांत."

घरी येताना पारावर दादाभाऊ बसलेला. माझा चुलतभाऊ, पंच्याहत्तरीचा, दात दोन पण जीभ अख्खी. रोज एकच! "काय सावळ्या, जितली का तुझी टीम?" "आरं दादा, सीझन अजून सुरू व्हायचाय." "मग तू रोज काय बघाय जातो?" "सराव!" "म्हंजी लगीन ठरायच्या आधीच तू वरातीत नाचतोय म्हण की!" सगळा पार हसतोय. काय बोलायचं अशा माणसाला?

पण खरी मेख तिथं न्हाई. मेख कुठं हाय सांगतो. बैलाचं शास्त्र असं हाय की सीझनच्या आधी त्याला पळवायचं नसतं, खाऊ घालायचं असतं! यात्रा जवळ आली की दूध, अंडी, उडदाची डाळ... पळायचं त्यो यात्रंत पळतोच की! मी सरांना हे समजावून सांगितलं. तर म्हणत्यात, "भाऊ, ही मुलं आहेत, बैल नाहीत." म्हणलं, "सर, भूक लागायला बैलच असावं लागतंय का?" सरांनी शिट्टी फुंकली आन् पोरांकडं वळलं. न्हाई म्हणलं न्हाई म्हणजे पटलं, असंच धरणार ना माणूस?

आन् नेमका तवाच पितरपाट लागला. भादव्यातला तो पंधरवडा, घरोघर पित्राचं जेवण, रोज कुणाची ना कुणाची तिथ. आता आमच्या गावाची अडचण ऐका. जेवण सगळ्यांकडं, जेवायला कुणीच न्हाई! जो तो आपल्या घरचं पितर उरकण्यात, आन् दुसऱ्याकडं जायचं म्हणलं की पोट आधीच टम्म. गेल्या साली दादाभाऊच्या आज्ज्याच्या जागी बसवायला माणूस मिळंना, तर एसटीच्या कंडक्टरला गाडीतनं उतरवलं व्हतं, अर्धा तास गाडी थांबून! मी म्हणलं, आरं तुमी येडं का खुळं? बारा पोरं हायती माझ्याकडं! उंचीपुरी, तरणी, हास्टेलचं पातळ वरण खाऊन वैतागलेली! गावात अशी काय आनंदाची लाट आली... माझ्या दारात रांग! "सावळेराम, उद्या मला चार दे." "मला परवा दोन दे, पर उंच दे!" शेजारच्या गोरखनं तर पंचमीला अख्खी टीम बुक केली. सराव संपला की माझी पिकअप तयार, पोरं मागं उभी, आन् गाडी गावात. सीझन अजून सुरू व्हायचाय, आन् आमच्या टीमच्या तारखा फुल!

आता ह्यात माझी चूक काय? चूक माझी न्हाई, चूक ताटाची. आमच्यात कसं, ताट रिकामं दिसलं की वाढायचं. इचारायचं न्हाई, वाढायचं! आन् पित्राचं ताट म्हणजे तर इषयच संपला, पितर अर्धपोटी उठलं तर घराला वर्षभर घोर. आन् जानकूच्या घरी कसं, ताटात पडलेलं टाकायचं न्हाई. त्याच्या आईनं शिकवलंय, एका शितासाठी बी उन्हातानात राबावं लागतं. म्हणजे बघा, ह्यानं ताट रिकामं केलं की त्या वाढणार, त्यांनी वाढलं की ह्यो रिकामं करणार! मला सांगा, थांबायचं कुणी? मी सोता बघितलंय, गोरखच्या घरी वडं तळून तळून त्याची बायको रडकुंडीला आली, आन् हिकडं हे पोरगं बी रडकुंडीला आलेलं, दोघं एकमेकांकडं बघत्यात, आन् थांबंना कुणीच!

आन् कुशाबाई! सत्तरीची म्हातारी. तिचं मालक अंगानं असंच ताडमाड. तिनं जानकूला दारात बघितला आन् पदर डोळ्याला लावला. "आमचं ह्ये बी चौकटीत असंच वाकून यायचं वं..." झालं! जानकूला पाटावर बसवला, आन् सुरू, "ह्यांना खीर लई आवडायची. ह्यांना अळूवडी लई आवडायची. ह्यांना कढी दोन वाट्या लागायची." आता समोर म्हातारी मायेनं वाढतीय, डोळं पाण्यानं भरल्यालं, अशात पोरगं कसं म्हणणार की मावशे, तुमच्या मालकाचं पोट भरलं? तीन वाट्या खीर, चौदा अळूवड्या! गावात बातमी झाली, जानकूनं कुशाबाईचा म्हातारा तृप्त केला. मग काय, ज्याचं त्याचं एकच, आमच्याकडं जानकूच पायजे! पंधरा दिवसांत आमच्या गावचं निम्मं पूर्वज एकटं पोरगं जेवलं राव!

पितरपाट सरला, आन् सोमवारी जानकू उडाला. म्हणजे उडायला गेला. आधी कड्याला लोंबकाळायचा, आता जाळीच्या टोकाला बोट लागलं फक्त. वाळुंज सरांनी शिट्टी तोंडातनं काढली. परत उडवला. परत बोट. मग त्याला घिऊन गेलं सोसायटीच्या गोदामात, आन् बटाट्याच्या काट्यावर उभा केला. चौऱ्याहत्तरचं पोरगं, त्र्याऐंशी! नऊ किलो! बाकीची अकरा बी एकेक करून चढवली, एक बी वाढल्याबिगर सुटला न्हाई. सर आलं तसं माझ्यावर... "भाऊ, हा सेंटर आहे माझा, बास्केटखालचा खेळाडू! सेंटर! उडी हेच त्याचं भांडवल! पंधरा दिवसांवर स्पर्धा, त्याचं आयुष्य आहे त्याच्यावर, आणि तुम्ही..." मी म्हणलं, "सर, धीर धरा, सीझन अजून..." तर वरडलं, "सुरू व्हायचाय! माहितेय मला! उद्यापासून तुम्ही ग्राउंडवर यायचं नाही!"

खरं सांगतो, त्या दिवशी ताट तसंच बाजूला सारलं मी. मंगल, माझी बायको, म्हणती, "आवं, जेवा की." म्हणलं, "जेवणाचं नाव काढू नगंस माझ्यापुढं." पोराचा एकच दिवस, आन् तो मी खिरीत बुडवला! राहवंना, घोडेगावच्या बाजारात त्याची आई येती, सखूबाई, तिला गाठली. ठरवून गेलो व्हतो, सांगायचं, बाई, माझ्या हौसंपायी तुझ्या पोराची नोकरी जाती, काय शिव्या द्यायच्या त्या दे. मी तोंड उघडायच्या आत तिनंच माझं हात धरलं. "भाऊ, ल्हानपणापास्नं त्याच्या अंगाला कदी काय लागलं न्हाई. परवा आला तर मी वळखलाच न्हाई. तुमच्या गावानं माझं पोर भरल्या अंगाचं केलं." आन् मला पिशवीभर नाचणीचं पीठ दिलं. गेलो व्हतो शिव्या खायला, आलो पीठ घिऊन. भर बाजारात रडू आलं मला.

दसरा झाला. स्पर्धा दुसऱ्याच कॉलेजात व्हती, तिथं काय वाळुंज सरांची बंदी चालत न्हाई! पिकअप काढली, दादाभाऊ म्हणला मी येतो, आन् कुशाबाई तर आधीच पुढं बसलेली. "जानकू आमच्या ह्यांच्या जागी जेवलाय. मी बघणार." पाच मिनटं बरी गेली, मग आमची टीम अशी काय धापा टाकाय लागली... वडं, खीर, अळूवडी, सगळं बोलाय लागलं! समोरची पोरं सटासट बॉल टाकत्यात, आन् आमची कमरंवर हात ठिऊन बघत्यात. बावीसनं हारलो. आन् हारलं की घरी, असा नियम हाय म्हणं. म्हणजे बघा, जूनपास्नं ज्याची वाट बघितली तो सीझन, सुरू झाला आन् चाळीस मिनटांत संपला!

पण जानकू! उडला न्हाई पोरगं. उडताच येत न्हवतं. नुसतं कड्याखाली पाय रोवून उभं राहिलं. त्यांचा एक धिप्पाड गडी आला, धडकला, पडला. दुसरा आला, त्यो बी पडला. आलेला बॉल जानकूचाच, कुणाच्या बाला हलवता येईना! कुशाबाई वरडती, "आमचं ह्ये बी जागचं हलायचं न्हाईत!" संपल्यावर निवडणारं सायब उठलं, सरळ जानकूकडं गेलं. "वजन किती?" "त्र्याऐंशी." "छान. उंचीच्या मानानं अजून कमीच आहे. डिसेंबरला कँप, तोपर्यंत सहा किलो वाढव, तुझी निवड झाली." मी टाळ्या वाजवाय लागलो. वाळुंज सर माझ्याकडं बघत न्हवतं. आभाळाकडं बघत व्हतं.

दुसऱ्या दिवशी सर माझ्या दारात. टोपी हातात. "भाऊ... ते जेवणाचं... पुन्हा जमेल का?" ग्राउंडवर यायचं न्हाई म्हणणारा माणूस! म्हणलं, सर, बसा. जानकूला बोलावला, मंगलनं ताट वाढलं. दोन भाकरी खाल्ल्या आन् पोरानं ताटावर हात आडवा धरला! मी म्हणलं, "आरं, पितरपाटात वीस वडं खात व्हतास!" तर म्हणतं, "काका, तवा मी कुणाचा तरी आज्जा व्हतो, कुणाचा बाप व्हतो. त्यांच्या वतीनं न्हाई कसं म्हणायचं? आता मी जानकूच हाय. जानकूला दोन भाकरी बास व्हत्यात." आन् हात धुवायला उठलं की!

आता काय करता? कँप डिसेंबरला, आन् आमच्या पूर्वजांना भूक लागणार ती थेट पुढच्या भादव्यात. सर रोज येत्यात, पारावर बसत्यात, गावात कुणाचं तेरावं, कुणाचं वर्षश्राद्ध हाय का, चौकशी करत्यात. परवा दादाभाऊला जरा खोकल्याची उबळ आली, तर वाळुंज सर एवढ्या आशेनं त्याच्याकडं बघाय लागलं, की शेवटी मीच म्हणलं, सर, सोडा नाद, आमचा दादाभाऊ लई चिवट हाय.